प्रोलॉगमधली निवड आणि नियंत्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात अभियांत्रिकीच्या आणि एमसीएच्या मुलामुलींबरोबर लॉजिक प्रोग्रॅमिंग करायला बसलं की काही प्रश्न हमखास येतात. प्रोलॉग या लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ओळख होते ती आजी-नातवंडांच्या नात्यांवरून. तिथपर्यंत सगळं छान वाटतं. मग एका पानात कट (शोधातले उरलेले पर्याय कापणारं `!` हे चिन्ह) उरकला जातो, आणि त्यानंतर विद्यार्थी जिथे तिथे उद्गारचिन्ह टाकत सुटतात. हे पान त्यांच्यासाठी आहे.

वाचण्याआधी एक खुलासा. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरं वेगळी नसतात, म्हणून इथल्या उदाहरणांत व्हेरिएबलची सुरुवात अंडरस्कोअरने केली आहे. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग (प्रोलॉग चालवणारा प्रोग्रॅम) हे स्वीकारतो. अंगभूत प्रेडिकेटची (प्रेडिकेट म्हणजे नाव दिलेलं नातं) नावं मात्र वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ती टाइप करताना मॅन्युअलमधलंच स्पेलिंग वापरा, आणि आकडेही नेहमीचे रोमन कीबोर्डवरचे टाका.

लॉजिक प्रोग्रॅममध्ये नियंत्रण येतंच कुठून? आपण तर फक्त काय खरं आहे ते सांगतो ना?

सांगतो आपण तेवढंच, पण मशीनला ते कुठल्या तरी क्रमाने तपासावं लागतं. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७९ मध्ये हे एका सूत्रात मांडलं: अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल. लॉजिक ठरवतं की उत्तरं कोणती. कंट्रोल ठरवतं की ती कशी, कधी आणि किती खर्चात सापडतील. आदर्श स्थितीत कंट्रोल बदलल्याने उत्तरं बदलू नयेत, फक्त वेग बदलावा.

प्रोलॉगमध्ये मशीनपुढे दोन प्रकारचे निर्णय असतात. अनेक गोलांपैकी (गोल म्हणजे सिद्ध करायचं विधान) आधी कोणता घ्यायचा, हा एक. त्या गोलासाठी अनेक क्लॉज (क्लॉज म्हणजे एक नियम किंवा फॅक्ट, म्हणजे अटीशिवाय खरं मानलेलं विधान) जुळत असतील तर कोणता वापरायचा, हा दुसरा. दोन्ही वरवर सारखे दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. पहिल्यात सगळेच गोल सोडवायचे आहेत, त्यामुळे कुठूनही सुरू केलं तरी एकही उत्तर हातचं जात नाही. कमीजास्त होतं ते काम. दुसऱ्यात प्रत्येक क्लॉज वेगळं उत्तर देऊ शकतो, आणि एक सोडला तर त्याची उत्तरं गेली. या पानावर जे काही आहे ते या फरकावर उभं आहे: आपण वाचवतोय ते निव्वळ काम, की फेकतोय ते उत्तर?

प्रोलॉग नेमका कसा शोधतो?

डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. गोल लिहिले त्या क्रमाने, क्लॉज फाइलमध्ये आले त्या क्रमाने. अडला की सगळ्यांत अलीकडच्या निवडीपाशी परत येतो आणि पुढचा पर्याय घेतो. यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात. नागपूर मेट्रोचा एक तुकडा घेऊ. सीताबर्डीला ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाइन भेटतात, त्यामुळे निवड दाखवायला ते स्टेशन सोयीचं आहे. वाचताना `:-` म्हणजे "जर" आणि गोलांमधला स्वल्पविराम म्हणजे "आणि".

```
पुढे(सीताबर्डी, काँग्रेस_नगर).
पुढे(सीताबर्डी, झाशी_राणी_चौक).
पुढे(काँग्रेस_नगर, रहाटे_कॉलनी).
पुढे(रहाटे_कॉलनी, अजनी_चौक).
पुढे(झाशी_राणी_चौक, इन्स्टिट्यूशन_ऑफ_इंजिनिअर्स).

पोचतो(_अ, _ब) :- पुढे(_अ, _ब).
पोचतो(_अ, _ब) :- पुढे(_अ, _म), पोचतो(_म, _ब).
```

आता विचारा: `?- पोचतो(सीताबर्डी, _कुठे).` उत्तरं या क्रमाने येतात: काँग्रेस नगर, झाशी राणी चौक, रहाटे कॉलनी, अजनी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स. पहिल्या क्लॉजने शेजारची दोन स्टेशनं दिली. मग दुसऱ्या क्लॉजने काँग्रेस नगरचा हात धरला, त्या बाजूचं सगळं संपवलं, आणि मगच तो झाशी राणी चौकाकडे वळला. हा क्रम कागदावर स्वतः काढून पाहा. जमला, तर पुढचा अर्धा विषय समजला असं समजायला हरकत नाही.

१९७२ मध्ये मार्सेलला आलँ कोल्मेरॉर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग उभा केला, तेव्हापासून शोधाची पद्धत हीच आहे. कारण व्यवहारी आहे: एका वेळी एकच वाट लक्षात ठेवायची असल्याने मेमरी कमी लागते. किंमत अशी, की एखादी वाट कधीच संपणारी नसेल तर तिच्या खालच्या क्लॉजमधली खरी उत्तरं कधीच हाती लागत नाहीत.

उत्तर आल्यावर प्रॉम्प्ट कधी लगेच परत येतो, कधी थांबून राहतो. असं का?

थांबला, तर अजून एखादा चॉइस पॉइंट शिल्लक आहे. चॉइस पॉइंट म्हणजे परत येण्यासाठी जपून ठेवलेली जागा. तिच्याबरोबर त्या क्षणाचा स्टॅक आणि त्यानंतर बांधलेली व्हेरिएबल परत मोकळी करण्यासाठीची नोंद, म्हणजे ट्रेल, हेही राहतं. पुढे उत्तर नसलं तरी जागा राहिली की मेमरी अडकते. लाखो ओळींची फाइल वाचणारा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीमागे एक निरुपयोगी चॉइस पॉइंट सोडत गेला, तर लॉजिक पूर्ण बरोबर असूनही तो स्टॅक संपवून पडतो.

अनेकदा यावर उपाय इंडेक्सिंगच करतं. डेव्हिड वॉरन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ॲबस्ट्रॅक्ट मशीनपासून बहुतेक प्रोलॉग पहिला आर्ग्युमेंट (कंसातली पहिली किंमत) पाहून न जुळणारे क्लॉज आधीच वगळतात. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग गरजेप्रमाणे इतर आर्ग्युमेंटवरही इंडेक्स बांधतो. म्हणून `पुढे(रहाटे_कॉलनी, _क)` एक उत्तर देऊन लगेच थांबतं. कट लिहिण्याआधी हे तपासा. ज्या कामासाठी कट टाकणार होता, ते मशीनने आधीच केलेलं असेल.

क्लॉज किंवा गोल यांचा क्रम बदलला तर काय बिघडतं?

उत्तरांचा संच तोच राहतो. प्रोग्रॅम थांबेल की नाही, ते बदलतं. वरच्या दुसऱ्या क्लॉजमधले गोल उलटे लिहा:

```
पोचतो(_अ, _ब) :- पोचतो(_अ, _म), पुढे(_म, _ब).
```

आता पाचही उत्तरं येतात, पण सहाव्यासाठी विचारलं की प्रोग्रॅम परत येतच नाही. हा क्लॉज वर ठेवला तर पहिलं उत्तरही मिळत नाही. लॉजिक म्हणून तिन्ही प्रोग्रॅम एकच आहेत.

क्रमाचा वेगावरचा परिणाम याहून रोजच्या कामाचा. समजा देशभरातल्या हवामान केंद्रांच्या रोजच्या तापमानाचे फॅक्ट आहेत आणि आपल्याला फक्त विदर्भातल्या ११ जिल्ह्यांच्या ठिकाणांचे हवेत. `तापमान(_गाव, _दिवस, _त), विदर्भ(_गाव)` असं लिहिलं तर देशातली प्रत्येक नोंद उघडून, ती विदर्भातली आहे का, ते विचारलं जातं. गोलांची अदलाबदल केली तर आधी ११ नावं ठरतात आणि इंडेक्समुळे फक्त त्यांच्याच नोंदी उघडतात. ज्या गोलाची उत्तरं कमी, तो आधी. आणि `_त > ४५` सारखी तुलना तापमान कळल्यावरच. आधी लिहिली तर व्हेरिएबलला किंमत नसल्याची एरर मिळते.

मेट्रो दोन्ही दिशांना धावते. तसं लिहिलं की लूप लागतो. मग?

```
जोड(_अ, _ब) :- पुढे(_अ, _ब).
जोड(_अ, _ब) :- पुढे(_ब, _अ).
```

`पोचतो` मध्ये `पुढे` च्या जागी `जोड` घातलं की सीताबर्डीहून निघून रहाटे कॉलनी ते अजनी चौक, परत रहाटे कॉलनी, पुन्हा अजनी चौक, असं कायमचं सुरू. इथे क्रम बदलून काही साधत नाही. जुना उपाय म्हणजे भेट दिलेल्या स्टेशनांची यादी तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये घेऊन फिरणं. चालतो, पण प्रोग्रॅम आता नात्याबद्दल कमी आणि फिरण्याबद्दल जास्त बोलायला लागतो.

मला स्वतःला टेबलिंग आवडतं. वर एक ओळ लिहायची:

```
:- टेबल पोचतो/2.
```

आता `पोचतो(सीताबर्डी, _)` हा प्रश्न एकदा विचारला की त्याची उत्तरं एका तक्त्यात साठतात. काम चालू असताना तोच प्रश्न पुन्हा आला तर नव्याने खाली न उतरता प्रोलॉग तक्त्यातली उत्तरं घेतो, आणि नवं काही सापडेनासं झालं की तक्ता पूर्ण झाला असं जाहीर करतो. स्टेशनं मर्यादित असल्याने प्रोग्रॅम थांबणार याची खात्री मिळते. वर ज्याने लूप लावला होता तो डावीकडून रिकर्शन करणारा क्लॉजही चालतो. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या एक्सएसबी या प्रोलॉगने हे तंत्र वापरायोग्य केलं. आज एसडब्ल्यूआयमध्येही आहे.

दोन गोष्टी जपा. टेबलमधून येणाऱ्या उत्तरांच्या क्रमावर विसंबू नका. आणि टेबल केलेल्या प्रेडिकेटच्या आत कट टाकून अर्धवट तक्ता सोडू नका. तक्ता पूर्ण होणं हाच त्या तंत्राचा पाया आहे.

कट नक्की काय कापतो?

कट ओलांडला की दोन प्रकारचे चॉइस पॉइंट जातात: त्याच प्रेडिकेटचे खाली उरलेले क्लॉज, आणि त्याच क्लॉजमध्ये कटच्या डावीकडच्या गोलांनी ठेवलेले पर्याय. उजवीकडचे गोल नेहमीसारखे बॅकट्रॅक करू शकतात. ज्याने हे प्रेडिकेट बोलावलं त्याचे आधीचे चॉइस पॉइंट शाबूत राहतात. कट म्हणजे सगळा शोध बंद, अशी समजूत बऱ्याच जणांची असते. ती सोडा.

```
एक_पुढचं(_अ, _ब) :- पुढे(_अ, _ब), !.
```

`एक_पुढचं(सीताबर्डी, _क)` विचारलं तर फक्त काँग्रेस नगर मिळतं. पण `एक_पुढचं(सीताबर्डी, झाशी_राणी_चौक)` विचारलं तर तेही खरं! व्हेरिएबल ठेवून विचारताना जे उत्तर अस्तित्वातच नाही, ते नाव घेऊन विचारलं की आहे. म्हणजे हे प्रेडिकेट आता नातं राहिलं नाही. प्रश्न कोणत्या बाजूने विचारला यावर त्याचं म्हणणं ठरतं.

"सर, कट टाकला तर चुकीचं उत्तर काहून येऊन राहिलं?"

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. नागपूरकरांना मे महिना वेगळा सांगायला नको. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेलं की उष्णतेची लाट, ४७ वर गेलं की तीव्र लाट. सरासरीपासून किती फरक पडला हे पाहणारा दुसरा निकषही आहे. तो इथे बाजूला ठेवू. विद्यार्थी साधारण असं लिहितात:

```
लाट(_त, तीव्र) :- _त >= 47, !.
लाट(_त, उष्ण) :- _त >= 45, !.
लाट(_, नाही).
```

`लाट(48, _क)` विचारा, उत्तर तीव्र. अगदी बरोबर. आता `लाट(48, नाही)` विचारा. पहिल्या क्लॉजच्या डोक्यात (`:-` च्या डावीकडच्या भागात) तीव्र आहे, ते नाही शी जुळत नाही, म्हणून तो क्लॉज सुरूच होत नाही आणि त्यातला कटही येत नाही. दुसऱ्याचं तेच. तिसरा क्लॉज कुठलीही अट न तपासता हो म्हणतो. ४८ अंशांत लाट नाही, असं आपल्या प्रोग्रॅमने मान्य केलं! `लाट(48, उष्ण)` सुद्धा खरं येतं.

चूक कटच्या जागेत आहे आणि तिसऱ्या क्लॉजच्या न लिहिलेल्या अटीतही आहे. लिहिणाऱ्याच्या मनात "वरचं काही लागू झालं नसेल तर" अशी अट होती, पण ती कागदावर उतरली नाही. कट तिची जागा घेईल असं त्याने धरलं. कट तिची जागा तेव्हाच घेतो जेव्हा आधीचे क्लॉज खरोखर सुरू होतात, आणि दुसरा आर्ग्युमेंट आधीच भरलेला असेल तर ते होत नाही.

किमान दुरुस्ती अशी: उत्तर कटच्या नंतर बांधा.

```
लाट(_त, _उ) :- _त >= 47, !, _उ = तीव्र.
लाट(_त, _उ) :- _त >= 45, !, _उ = उष्ण.
लाट(_, नाही).
```

आता पहिल्या अटीवर निर्णय होतो आणि मगच उत्तर पडताळलं जातं, त्यामुळे `लाट(48, नाही)` खोटं ठरतं. मला यापेक्षाही आवडतं ते सगळ्या अटी उघड लिहिणं:

```
लाट(_त, तीव्र) :- _त >= 47.
लाट(_त, उष्ण) :- _त >= 45, _त < 47.
लाट(_त, नाही) :- _त < 45.
```

कुठलाही क्लॉज एकटा उचलून वाचला तरी तो खरं सांगतो. परीक्षेत दोन तुलना जास्त झाल्या म्हणून कोणी गुण कापणार नाही, आणि सहा महिन्यांनी हा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर त्याला क्लॉजच्या क्रमाची भीती वाटणार नाही.

हिरवा कट आणि लाल कट म्हणजे काय?

वरच्या शेवटच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अटीनंतर कट घातला तर उत्तरं तीच राहतात. फक्त व्यर्थ चॉइस पॉइंट जातात. हा हिरवा. काढून टाकला तर उत्तरंच बदलतात, तो लाल. चाचणी सोपी आहे: कट पुसा, आणि व्हेरिएबल ठेवून व न ठेवून, अशा सगळ्या बाजूंनी तेच प्रश्न विचारा.

लाल कट कायम वाईट, असं मी म्हणणार नाही. पण तो लिहिताना आपण लॉजिकच्या बाहेर पाऊल टाकतोय हे माहीत असावं, आणि ते प्रेडिकेट कोणत्या बाजूने वापरायचं हे वर कॉमेंटमध्ये लिहिलेलं असावं.

जर-तर-नाहीतर, वन्स, मेंबरचेक: यांतलं काय कधी वापरायचं?

`( अट -> हे ; ते )` हा कटच आहे, फक्त त्याची मर्यादा कंसात ठळक दिसते. अटीचं पहिलं उत्तर मिळालं की अटीचे बाकीचे पर्याय आणि नाहीतरची वाट दोन्ही बंद. अटीमध्ये मोकळं व्हेरिएबल असेल तर पहिल्याच उत्तरावर निर्णय होतो, तिथे सावध राहा. `ते` चा भाग लिहिलाच नाही आणि अट खोटी निघाली तर सगळं फेल होतं. हे विसरल्याने तास जातात.

अटीची सगळी उत्तरं हवी असतील, पण एकही नसेल तरच दुसरी वाट घ्यायची असेल, तर `*->` वापरा. एसडब्ल्यूआयमध्ये तो आहे. प्रोलॉगच्या १९९५ च्या आयएसओ प्रमाणात नाही.

`वन्स(_गोल)` म्हणजे पहिलं उत्तर घ्या आणि पुढे चला. यादीत एखादी गोष्ट आहे का एवढंच बघायचं असेल तर `मेंबरचेक`. प्रेडिकेटच्या आत कट लपवण्यापेक्षा जिथे एकच उत्तर पुरेसं आहे तिथे, म्हणजे बोलावणाऱ्याच्या बाजूला, `वन्स` लिहिणं कधीही चांगलं. नातं जसंच्या तसं राहतं, आणि घाई कोणाला आहे तेही दिसतं.

नकार कसा लिहायचा? `\+` कधी दगा देतो?

`\+ _गोल` म्हणजे तो गोल सिद्ध करता आला नाही. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये याला नेमका तार्किक पाया दिला. जगात खोटं असणं आणि आपल्या फॅक्टमधून सिद्ध न होणं यांत अंतर आहे, आणि ते डेटा अपुरा असेल तेव्हा बोचतं.

```
ऑरेंज(सीताबर्डी).   ऑरेंज(अजनी_चौक).
ॲक्वा(सीताबर्डी).   ॲक्वा(शंकर_नगर_चौक).

फक्त_ऑरेंज(_स) :- ऑरेंज(_स), \+ ॲक्वा(_स).
```

उत्तर अजनी चौक. गोल उलटे करा, `\+ ॲक्वा(_स), ऑरेंज(_स)`, आणि काहीच मिळणार नाही. कारण तेव्हा `_स` मोकळा आहे आणि प्रश्न बनतो "ॲक्वावर एकही स्टेशन नाही का?" आहे, म्हणून फेल. नियम एकच: नकाराच्या आत जाण्याआधी व्हेरिएबल भरलेली असावीत.

गोल थांबवून ठेवता येतो का, माहिती येईपर्यंत?

येतो, आणि लॉजिक प्रोग्रॅमिंगमधली ही मला सगळ्यांत सुंदर वाटणारी सोय आहे. कोल्मेरॉर यांच्याच प्रोलॉग २ मध्ये `फ्रीझ` आणि `डिफ` आले. `फ्रीझ(_क, _गोल)` लिहिलं की `_क` ला किंमत मिळेपर्यंत गोल निजून राहतो, मिळाली की जागा होतो.

`डिफ(_क, सीताबर्डी)` म्हणजे हे दोन वेगळे असले पाहिजेत, आत्ता आणि पुढेही. `_क` मोकळा असताना `_क \= सीताबर्डी` लगेच फेल होतं आणि `_क \== सीताबर्डी` लगेच खरं होऊन विसरलं जातं. `डिफ` मात्र लक्ष ठेवून राहतो, आणि कुठेही लिहिला तरी उत्तरं तीच. विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममधले कितीतरी कट `डिफ` लिहिल्यावर आपोआप अनावश्यक होतात.

सगळी उत्तरं एकदम हवी असतील तर?

`फाइंडऑल` यादी देतो, उत्तर नसेल तर रिकामी यादी. `बॅगऑफ` आणि `सेटऑफ` उत्तर नसेल तर फेल होतात आणि मोकळ्या व्हेरिएबलनुसार गट पाडतात. गट नको असतील तर `^` वापरा. एवढं पुरे.

पर्याय लाखो असतील तर बॅकट्रॅकिंग पुरतं का?

नुसतं नाही. आठ वजीरांचं कोडं घ्या: पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कोणीही कोणाला मारू नये. प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकेक ठेवला तर ४०,३२० मांडण्या होतात आणि त्यांतल्या ९२ बरोबर. पूर्ण मांडणी करून मग तपासली तर पहिल्या दोन वजीरांतच झालेली चूक शेवटच्या वजीरापर्यंत ओढली जाते.

कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रॅमिंग हा क्रम उलटवतं. आधी सगळ्या अटी मांडायच्या, मग किमती द्यायला सुरुवात करायची. एका वजीराची जागा ठरली की बाकीच्यांच्या शक्य जागा तिथल्या तिथे कमी होतात, आणि एखाद्याकडे जागाच उरली नाही तर ती वाट तिथेच सोडली जाते. किमती देण्याच्या टप्प्याला लेबलिंग म्हणतात आणि नियंत्रण इथेच हातात येतं. `एफएफ` हा पर्याय दिला तर ज्याच्याकडे सगळ्यांत कमी जागा उरल्यात त्याला आधी हात घातला जातो. विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक असंच सुटतं: ज्या पेपरला सोयीचे दिवस कमी, तो आधी लावायचा. या निवडीने उत्तरं बदलत नाहीत, वेळ प्रचंड बदलतो. नियंत्रण असं असावं.

मागे न फिरणाऱ्या लॉजिक भाषाही आहेत ना?

आहेत. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प सुरू केला आणि तो लॉजिक प्रोग्रॅमिंगवर उभारला. अनेक प्रोसेसर एकत्र चालवायचे तर प्रत्येक निवडीवर परत येणं फार महाग पडतं. म्हणून एहूद शापिरो यांचा कॉन्करंट प्रोलॉग, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधला पारलॉग आणि काझुनोरी उएदा यांची जीएचसी या भाषांनी प्रत्येक क्लॉजला एक गार्ड, म्हणजे आधी तपासायची अट, दिला. ज्याचा गार्ड आधी खरा ठरेल तो क्लॉज घ्यायचा, बाकीचे कायमचे सोडायचे.

दोन संदेशप्रवाह एकात आणायचे असतील, तर कुठला संदेश आधी आला याने बिघडत नाही. तिथे ही पद्धत चपखल बसते. पण सीताबर्डीहून अजनीला जाण्याचा मार्ग शोधायला ती चालणार नाही, कारण एकदा झाशी राणी चौकाकडे वळलं की परत येणं नाही. कुठलाही पर्याय चालेल अशी निवड, आणि बरोबर पर्याय माहीत नाही म्हणून सगळे पाहावे लागतील अशी निवड, या वेगळ्या गोष्टी आहेत. भाषेने त्या वेगळ्या लिहू द्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

मर्क्युरी या लॉजिक भाषेत हे बऱ्यापैकी साधलं आहे. प्रेडिकेटला नेमकं एक उत्तर आहे, फार तर एक, निदान एक, की कितीही, हे आधी जाहीर करायचं. कंपायलर ते तपासतो. अलीकडच्या एसडब्ल्यूआयमध्येही एखादं प्रेडिकेट चॉइस पॉइंट न सोडता एकच उत्तर देतं असं जाहीर करता येतं, आणि त्याने शब्द मोडला तर एरर मिळते. आन्सर सेट प्रोग्रॅमिंगमध्ये तर निवड हाच नियमाचा एक प्रकार आहे: या पेपरला यांतला नेमका एक दिवस निवड, असं एका ओळीत लिहायचं, आणि शोध कसा करायचा ते पूर्णपणे सॉल्व्हरवर, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोडायचं.

प्रोग्रॅम थांबत नाही. दोष कुठल्या ओळीत आहे ते कसं कळणार?

`ट्रेस` (प्रत्येक पाऊल दाखवणारी सोय) लावून शेकडो ओळी वाचण्याआधी हे करा. `फॉल्स` हा कधीच खरा न होणारा गोल प्रोग्रॅममध्ये पेरा. त्याच्या उजवीकडचं काहीच आता चालणार नाही. उरलेला तुकडा तरीही थांबत नसेल, तर मूळ प्रोग्रॅमही थांबणार नाही, आणि दोष त्या तुकड्यातच आहे.

```
पोचतो(_अ, _ब) :- फॉल्स, जोड(_अ, _ब).
पोचतो(_अ, _ब) :- जोड(_अ, _म), पोचतो(_म, _ब), फॉल्स.
```

हा तुकडाही कायम फिरतो. पहिला क्लॉज पूर्ण निकामी असूनही! म्हणजे पहिल्या क्लॉजमध्ये कितीही बदल केले तरी लूप जाणार नाही. दुसऱ्यालाच हात घालावा लागेल किंवा टेबल करावं लागेल. हा तर्क फक्त शुद्ध प्रोग्रॅमला लागू पडतो. मध्ये कट किंवा `\+` असेल तर `फॉल्स` पेरल्याने भलतीच वाट उघडू शकते आणि निष्कर्ष फसतो.

जुन्या प्रोजेक्टमध्ये जागोजागी कट आहेत. साफसफाई कुठून सुरू करू?

आधी प्रश्नांची यादी करा, प्रत्येक प्रेडिकेटसाठी, उत्तर भरून आणि उत्तर मोकळं ठेवून. आजची उत्तरं लिहून ठेवा आणि त्यातली कोणती खरोखर बरोबर आहेत यावर खूण करा. मग एकेक कट घ्या. दोन्ही बाजूंच्या अटी एकमेकींना वगळत असतील तर तो हिरवा आहे, राहू द्या. शेवटचा क्लॉज अटीशिवाय कटवर टेकलेला असेल तर ती अट लिहून काढा. शोधाच्या शेवटी फक्त पहिलं उत्तर घेण्यासाठी कट असेल तर तो काढा आणि बोलावणाऱ्याकडे `वन्स` ठेवा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं सांगण्यासाठी कट असेल तिथे `डिफ` बसतो का पाहा. प्रत्येक बदलानंतर यादी पुन्हा चालवा, एका वेळी एकच कट. आणि `रिपीट` (परत आलं की दर वेळी पुन्हा खरा होणारा गोल) लावून फाइल वाचणाऱ्या लूपच्या शेवटी असलेला कट तसाच ठेवा. तो काढला तर पुढे कुठेही काही फेल झालं की प्रोग्रॅम परत `रिपीट` वर जाऊन संपलेली फाइल वाचायला लागेल.